सातव्या बरगडीपाशी

“बाबा, खरं खरं सांग. टाके कोणाचे चांगले? माझे की तिचे?”

हा प्रश्न मुळात भिंगरीचा नव्हताच. तिच्या दोन मैत्रिणींचा होता, लांब वेणीवालीचा आणि चष्मेवालीचा. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी तिच्याबरोबर बाबाचं हँगर बघायला आल्या होत्या, आणि दारात पाऊल टाकल्यापासून भिंगरी एकाच विषयावर बोलत होती. विमानावर नाही, ‘ति’च्यावर. ती कशी उभी राहते, ती सारखं ‘सर, सर’ कसं करते, सुई ओवताना तिची जीभ कशी बाहेर येते. शेवटी वेणीवाली वैतागली. “एवढं आहे तर विचार ना बाबांना सरळ. आमच्यासमोर. आहे हिंमत?”

हिंमत! भिंगरीकडे सध्या हिंमत उतू जात होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज बाकाखालून यायचा, तिने महिन्यापूर्वी शाळेच्या स्टेजवर माईक हातात घेऊन सलग आठ मिनिटं बोलून दाखवलं होतं आणि खुद्द मुख्याध्यापिकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून तिला वाटत होतं, आपण कोणालाही काहीही विचारू शकतो. उत्तर ऐकायलाही तेवढीच हिंमत लागते, हे मात्र तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा लाकडाच्या एका पट्टीला बारीक सँडपेपर मारत होता. त्याने मान वर केली आणि तो खरंच विचार करू लागला. वाईट तेच होतं. दुसऱ्या कोणाचा बाबा असता तर ‘दोघींचे छान’ म्हणून सुटला असता.

“टाके तिचे,” तो म्हणाला. “तुझे मजबूत असतात, पण एक इकडे, एक तिकडे. तिचे कसे, छापल्यासारखे.” आणि पुन्हा सँडपेपर सुरू.

चष्मेवालीने चष्मा पुसायला काढला. वेणीवाली छताचे पत्रे मोजू लागली. आणि भिंगरी? भिंगरी हसली. इतकं गोड हसली की गाल दुखले. आतमध्ये मात्र कोणीतरी तोच सँडपेपर तिच्या पोटातून फिरवत होतं.

आता ही ‘ती’ म्हणजे कोण, ते सांगायला हवं. बाबाचं काम म्हणजे म्हाताऱ्या विमानांना पुन्हा उडतं करणं. सध्या हँगरमध्ये होतं ते दोन माणसांचं, पंखांवर पंख अशा दुमजली बांधणीचं, ऐंशीच्या पुढचं विमान. त्याचे पंख म्हणजे लाकडाचा सांगाडा. एकामागे एक पातळ बरगड्या, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि ते कापड प्रत्येक बरगडीला मेणाच्या दोऱ्याने शिवलेलं. हे शिवणं एकट्याचं काम नाही. पंख कडेवर उभा करतात, अलीकडे एक माणूस, पलीकडे दुसरा. अलीकडचा हातभर लांब सुई कापडातून आरपार घालतो, पलीकडचा ती बरगडीच्या दुसऱ्या बाजूने परत धाडतो, अलीकडचा गाठ मारतो. मधे कापड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. नुसता आवाज येतो.

भिंगरी दहा वर्षांची असल्यापासून पलीकडची बाजू तिची होती, कधीमधी सरावाला अलीकडचीही. सहा वर्षं! बाबा घरात तसा अबोल, पण पंखाच्या अलीकडून तो भरभरून बोलायचा. लहानपणी शाळेतून पळून गेल्याची गोष्ट त्याने तिला पंखातूनच सांगितली होती. आईला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा उलटा घातलेला शर्ट, तोही पंखातूनच. तोंड दिसत नसलं की बाबाला कंठ फुटतो, हे जगात फक्त भिंगरीला माहीत होतं.

मग तिच्या परीक्षा आल्या, आणि परीक्षांच्या काळात ती आली. तंबू शिवायच्या कारखान्यातून आलेली, तेवीस-चोवीसची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. इंजिनवाल्या काकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ‘सुईताई’ ठेवलं. परीक्षा संपवून भिंगरी धावत हँगरवर गेली, तर पलीकडे सुईताई उभी आणि अलीकडून बाबा सांगतोय, “...आणि शर्ट कसा, तर उलटा!”

त्या दिवसापासून भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या होत्या. चार महिने झाले, उतरायचं नाव नाही.

शनिवारी संध्याकाळी मैत्रिणी गेल्यावर बाबा म्हणाला, “उद्या मला बाहेरगावी जायचंय, प्रोपेलर बघायला. हा पंख तुम्ही दोघी शिवून टाका. ती अलीकडे, तू पलीकडे.”

“मी अलीकडे का नाही?”

“आत्ताच सांगितलं ना?”

इंजिनवाले काका इंजिनाच्या पोटात डोकं घालून होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, “भिंगरे, विचारू नकोस ग परत परत. तुझा बाप खरं बोलतो. त्याला तेवढा एकच आजार आहे.”

रविवारी सकाळी दोघी पंखाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सुईताईने अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि विचारलं, “सुरू करूया?”

“केव्हाची तयार आहे मी,” भिंगरी म्हणाली.

सुई आली, सुई गेली. पहिली बरगडी, दुसरी, तिसरी. सुईताई गाठ मारायला वेळ घ्यायची. दोरा ओढायची, थांबायची, बोटाने चाचपायची, मग पुढे. भिंगरी पलीकडे एका पायावरून दुसऱ्या पायावर. बाबा असता तर एव्हाना दोन गोष्टी झाल्या असत्या. इथे नुसतं ‘हं’ आणि ‘दे’.

“तंबूंना पण एवढाच वेळ लागायचा का हो?” तिने कापडातून विचारलं.

“तंबू पडला तर लोक फार तर भिजतात,” कापडाआडून शांत आवाज आला.

भिंगरीने सुई जरा जोरातच परत ढकलली.

आता सातवी बरगडी. हिची एक भानगड होती. पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी फळी असते. ती वर-खाली झाली की विमान वळतं. त्या फळीकडे जाणारी तारेची केबल पंखाच्या आतून, अगदी सातव्या बरगडीला खेटून मागे जाते. सुई बरगडी आणि केबल यांच्या मधल्या बोटभर फटीतून परत यायला हवी. चुकून केबलच्या पलीकडून आली, तर दोरा बरगडीबरोबर केबललाही बांधून टाकतो. म्हणून बाबाचा नियम होता. सातवीला प्रत्येक टाक्याला अलीकडच्याने विचारायचं, “मोकळी?” पलीकडच्याने पंखातल्या गोल खिडकीतून हात आत घालायचा, केबल बोटांनी हलवून बघायची आणि मगच म्हणायचं, “मोकळी.” त्याशिवाय गाठ मारायची नाही.

“मोकळी?” सुईताईने विचारलं.

भिंगरीने हात घातला. केबल हलली. “मोकळी.”

दुसरा टाका. “मोकळी?” हात, केबल, “मोकळी.”

तिसऱ्या टाक्याला उत्तर दिल्यावर सुईताई म्हणाली, “नीट हात घातलास ना? बघ हं.”

झालं. अंगाचा तिळपापड झाला नुसता. चार महिन्यांची ही, आणि सहा वर्षांच्या मला विचारते, हात घातलास का! “मी दहा वर्षांची असल्यापासून घालतेय,” भिंगरी म्हणाली. “तुम्ही तेव्हा तंबूत होतात.”

कापडातून नुसती सुई आली. भिंगरीने ती खुन्नसने पकडली आणि भर्रकन परत धाडली.

“मोकळी?”

“मोकळी!” हात तिच्या कमरेवर होता.

“मोकळी?”

“हो, मोकळी!” हात अजून कमरेवर.

“मोकळी?”

“मोकळी, मोकळी, मोकळी!”

दुपारी तीनला पंख शिवून झाला. संध्याकाळी बाबा आला, त्याने कापडावर टिचक्या मारल्या, टाक्यांच्या रांगेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “वा! काय रांग आहे.” तो कोणाला म्हणाला, ते सांगायची गरज नव्हती.

सोमवारी गणिताच्या तासाला भिंगरीला आठवलं. बाई फळ्यावर काहीतरी सोडवत होत्या आणि एकदम, कोणी पाठीत टोचल्यासारखं, तिच्या डोळ्यांसमोर स्वतःचा हात आला. कमरेवर. तीन टाके. कदाचित चार.

‘मोकळीच असेल,’ तिने स्वतःला समजावलं. ‘सहा वर्षांत कधी अडकली नाही.’ कधी अडकली नाही, कारण दर वेळी हात घातला होता, हे ती स्वतःला सांगायची विसरली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती तडक हँगरवर गेली. बाबा फोनवर होता, सुईताई दुसऱ्या टोकाला कापड बेतत होती. भिंगरीने गोल खिडकीतून हात घातला. केबल सापडली. तिने ती हलवली.

केबल हलली नाही.

तिने बोटं पुढे नेली. एक दोरा. दुसरा. तिसरा. तिन्ही केबलवरून गेलेले, बरगडीला गच्च बांधलेले. सुंदर, एकसारख्या अंतरावर.

उद्या, बुधवारी, कापडावर डोप लागायचं होतं. डोप म्हणजे ते उग्र वासाचं रोगण, ज्याने कापड आक्रसून ढोलासारखं टणक होतं. एकदा ते लागलं की टाके उसवायला कापडच फाडावं लागतं. आत्ता सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. भिंगरीने तोंड उघडलं.

आणि मिटलं. कारण तेवढ्यात तिच्या मनात एक विचार आला. आला आणि पाहुण्यासारखा ऐसपैस बसला. गाठी कोणाच्या? सुईताईच्या. छापल्यासारखे टाके कोणाचे? सुईताईचे. डोप लावायच्या आधी बाबा केबल ओढून बघतोच, त्यामुळे विमानाला काही होणार नाही. फक्त बाबाला कळेल. ‘काय रांग आहे’ म्हणे! बघू दे ना रांग.

तिने हात हळूच बाहेर काढला. घरी जाताना तिला इतकं हलकं वाटत होतं की स्वतःचीच भीती वाटली.

बुधवारी ती मुद्दाम वेळेवर पोचली. बाबाने पंखाच्या मुळाशी बाहेर आलेलं केबलचं टोक धरलं आणि ओढलं. मागची फळी जागची हलली नाही. त्याने पुन्हा ओढलं. मग खिडकीतून हात घातला, आणि त्याचा चेहरा असा झाला की इंजिनवाले काकाही पाना खाली ठेवून उठले.

“सातवीला तीन टाके,” बाबा म्हणाला. “केबलसकट. अलीकडे कोण होतं?”

“मी,” सुईताई म्हणाली.

“विचारलं नव्हतंस?”

“विचारलं होतं, सर. प्रत्येक टाक्याला. ती म्हणाली मोकळी.”

सगळं हँगर भिंगरीकडे बघायला लागलं. म्हणजे तीनच माणसं, पण तिला हजार वाटली. आता बाबा विचारणार. आता सांगावंच लागणार.

पण बाबाने तिला काही विचारलंच नाही. तो सुईताईकडे वळला आणि म्हणाला, “ती हात घातल्याशिवाय ‘मोकळी’ म्हणत नाही. सहा वर्षांत एकदासुद्धा नाही. चूक होते ग माणसाच्या हातून. पण ती दुसऱ्यावर ढकलायची नाही.”

सुईताईचा चेहरा पांढरा पडला. ती भांडली नाही, रडली नाही. तिने अंगठ्याची चिकटपट्टी सोडवली, गोळी करून खिशात टाकली, सुया डबीत ठेवल्या. “मी काही दिवस येत नाही, सर,” ती म्हणाली. बाबा म्हणाला, “तेच बरं.”

दाराकडे जाताना ती भिंगरीपाशी थांबली आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं तिने विचारलं, “घातला होतास हात?”

“हो,” भिंगरी म्हणाली.

सुईताईने मान हलवली. “बरं,” म्हणाली आणि गेली.

गुरुवारी दुपारी बाबाने सातवी बरगडी उसवायला भिंगरीला बोलावलं. “चल, आपण दोघं. पूर्वीसारखं.” चार महिने ज्या शब्दांसाठी ती तडफडत होती, ते हेच शब्द. तिने छोटी कात्री घेतली आणि एक एक गाठ कापायला लागली. सगळ्या गाठी एका रेषेत, एकीचं शेपूट दुसरीपेक्षा लांब नाही. इतक्या देखण्या की कापतानासुद्धा तिचा जळफळाट झाला. निर्लज्ज पोट! माणूस घालवून दिलं, तरी हेवा जागच्या जागी.

मग बाबा अलीकडे उभा राहिला, ती पलीकडे. सुई आली, सुई गेली आणि बाबा बोलायला लागला. पहिलं विमान दुरुस्त केलं तेव्हा त्याने चाकं उलटी बसवली होती म्हणे. ही गोष्ट नवी होती, आणि मजेदारही होती. भिंगरीने हसायचा प्रयत्न केला.

“मोकळी?” बाबाने विचारलं.

तिने हात घातला, केबल हलवली. “मोकळी,” म्हणायच्या आतच दोरा ताणला गेला. बाबाने गाठ मारूनसुद्धा टाकली होती.

“बाबा, मी अजून सांगितलं नव्हतं.”

“तुझं काय ऐकायचं? तू असलीस की झालं.” तो कापडाआड हसला असावा, कारण आवाज हसरा होता. “खरं सांगू का, ती फार छान शिवायची. पण विश्वास ही वेगळी गोष्ट आहे, भिंगरे.”

भिंगरीच्या हातातून सुई पडली. तिने ती उचलली, पुसली आणि परत धाडली. उरलेले टाके होईपर्यंत ती ‘मोकळी’शिवाय एक शब्द बोलली नाही. बाबाच्या ते लक्षातही आलं नाही. मधे कापड होतं ना.

जेवताना आई तिच्या चष्म्याच्या दुकानातली गंमत सांगत होती. आई डोळे तपासते. “आज एक गाडीवाला आला. लायसन्ससाठी कागद हवा होता. मी पाटीवर बोट ठेवायच्या आधीच सगळी अक्षरं धडाधड म्हणून मोकळा! बाहेरच्या बाकावर बसून पाठ करून आला होता. मी पाटी बदलली, तर त्याला पाटीच दिसेना. म्हटलं, अहो, समोरून ट्रक येईल तो पण पाठ करून येणार का?”

बाबा ठसका लागेपर्यंत हसला. भिंगरीच्या ताटातला घास तसाच.

“काय ग?” आईने विचारलं. “डोळे का भरलेत? तिखट लागलं?”

“नाही.”

“मग? शाळेत काही?”

“नाही. थांबा, मला एक सांगायचंय. दोघांनाही. मधे बोलू नका, नाहीतर माझी हिंमत जाईल.” तिने ताट बाजूला सरकवलं. स्टेजवर आठ मिनिटं बोलणाऱ्या मुलीला आता पहिलं वाक्य सापडेना. “बाबा, रविवारी मी हात घातला नव्हता. तीन टाक्यांना. नुसतंच मोकळी म्हटलं.”

बाबाच्या हातातला पेला तसाच राहिला. “बुधवारी का नाही...”

“मंगळवारीच मला कळलं होतं. मी बघून आले होते. आणि गप्प बसले. तिला बोलणी बसावीत म्हणून.” एकदा धरण फुटलं म्हटल्यावर आता थांबणं नव्हतं. “ती तुझ्यासमोर उभी राहते ना, ते मला सहन होत नाही. ती खूप चांगली शिवते, तेही सहन होत नाही. आणि तू तिला शर्टाची गोष्ट सांगितलीस.”

“कुठली शर्टाची?” आई म्हणाली.

“आई, प्लीज, नंतर!”

बाबाने पेला खाली ठेवला आणि तो भिंतीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आज पूर्ण दिसत होता, आणि तो बघणं भिंगरीला फार जड जात होतं. पण तिने नजर काढली नाही.

“तू रागाव,” ती म्हणाली. “पण मी काय ठरवलंय ते आधी ऐक. उद्या शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी जाणार आहे. एकटी. तू यायचं नाहीस, फोनही करायचा नाहीस. तिच्या तोंडावर सांगणार आहे की मी खोटं बोलले, दोनदा. ती दार आपटेल कदाचित, आपटू दे. मग तू जाऊन तिची माफी माग, कारण तू तिला चोरासारखं घालवलंस. ती परत आली, तर शेवटपर्यंत पंखापाशी तू आणि ती. मी नाही. मी सुई हातात धरणार नाही, निदान हे विमान उडेपर्यंत तरी. मला अजून ती आवडत नाही हं, ते काही बदललेलं नाही. आत्ता हे बोलतानासुद्धा पोटात आग पडलीय. पण ठरलंय माझं.”